हंडा कुठं टेकवता?

माझ्या धाकट्या दिरांना उद्या कुणी अमृताचा घडा दिला, तर ते आधी त्याच्या तोंडात बोट घालून बघतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. हृदयाचे डॉक्टर, उस्मानपुऱ्यात खाली दवाखाना, वर आमचं घर. पण खोड अशी की कशाचंही तोंड किती रुंद हे कळल्याशिवाय जिवाला चैन नाही. दुष्काळाच्या त्या वर्षांत गल्लीत टँकर यायचा. आम्ही बायका हंडे घेऊन एकमेकींच्या अंगावर धावायचो आणि भाऊजी पाइपाशी वाकलेले! "वहिनी, धार जोरात म्हणजे तोंड बारीकच, असं नाही हं. टँकर काठोकाठ भरला असला तरी जोर येतो." मी म्हणायचे, "भाऊजी, आधी हंडा उचला!"

दवाखान्यात नंबर लावायला मी बसायचे. गरोदर बाईला ते 'दम लागतो का' असं कधी विचारत नसत. "आपल्याकडं बाई पडेपर्यंत 'नाय' म्हणते," असं त्यांचं म्हणणं. ते विचारायचे, "पाणी आणताना वाटेत हंडा कुठं कुठं टेकवता?"

एकदा पिशोरची धनगराची एक सून आली, सातव्या महिन्यातली. तोंड मात्र सासूचंच चालू. "काय नाय डॉक्टर, पोटुशी हाय, दम लागायचाच." भाऊजींनी सुनेलाच हंड्याचं विचारलं. ती लाजत म्हणाली, "पयलं कुठंच नव्हते टेकवत. आता लिंबाखाली टेकवते, मग पारावर. अन् झोपबी बसूनच लागती." भाऊजींनी तिला लगेच हृदयाच्या सोनोग्राफीला घेतलं. हृदयाची एक झडप आवळलेली निघाली, आणि मशीनमधून रक्ताच्या धारेचा असा सुसाट आवाज आला की मलाच धडकी भरली. सासूनं पदर तोंडाला लावला. "लेकरू काढायचं का ओ?" सून माझ्याकडं बघत राहिली. भाऊजी मात्र टँकरपाशी वाकावं तसे मशीनच्या पडद्यावर वाकले. "अहो, दिवस गेल्यावर रक्त वाढतं, नाडी पळते, धार जोरात येणारच. मला झडपेचं तोंड मोजू द्या!" मोजलं, परत मोजलं. झडप अरुंद होतीच, पण धारेनं भेडसावलं तेवढी नव्हती. लेकरू राहणार होतं. नाडी शांत करायच्या गोळ्या दिल्या, बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करायचं असं बजावलं, आणि सासूला हात जोडले, "मावशी, आता हंडा तुम्ही उचलायचा."

बाळंतपणानंतर तिची झडप आत फुगा फुगवून रुंद करून घेतली. पुढच्या उन्हाळ्यात ती लेक काखेत घेऊन आली, तेव्हा भाऊजींनी तोच प्रश्न केला. "कुठंच नाय," ती म्हणाली, "सासूच जाती अजून!" सासूनं कपाळाला हात लावला आणि आम्ही सगळेच हसत सुटलो.

मग शहर वाढलं, आमच्या घरावरही मजले चढले आणि मी सगळ्यात वर राहायला गेले. परवा जिन्याच्या वळणावर जरा टेकले, तर खालून भाऊजी बघत होते. म्हटलं, आता विचारणार! पण ते गुपचूप आत गेले. दुसऱ्या दिवशी त्या वळणावर एक खुर्ची होती. साऱ्या मुलखाला विचारत सुटलेला हा माणूस माझं उत्तर ऐकायला भ्याला बिचारा. मी रोज तिथं बसते, आणि खाली उतरले की त्यांना धीर यावा म्हणून त्यांच्या दारात मुद्दाम जोरात हसते.