गुणी मुलगा आणि मोडलेला खुबा

“मी उभी नाई राहत. मेली तरी नाई राहत!” शेवंताबाईंनी जाहीर केलं आणि खाट घट्ट धरली.

मी फिजिओथेरपिस्ट. म्हणजे हाड सर्जन दुरुस्त करतात आणि घरी जाऊन पेशंटच्या शिव्या मी खाते. वडशाजवळच्या गावातल्या या सत्तरीपुढच्या बाई ओल्या अंगणात घसरल्या. हाडं ठिसूळ, खुबा मोडला. खुबा म्हणजे मांडी कमरेला जोडणारा सांधा. ऑपरेशन होऊन सांध्यात धातूचा नवा गोळा बसला, एक्स-रे झकास. पण बाई भीतीनं पाऊल टाकेनात. या वयात अंथरूण धरलं की छातीत कफ होतो, पाठीला जखमा होतात, आणि माणूस उठतच नाही. मला खरंच धास्ती वाटत होती.

त्यात मुलगा रामदास भलताच गुणी. आईला संडासालाही उचलून न्यायचा.

“भाऊ, त्यांना चालू द्या!”

“मी कायच्यासाठी हाव मंग, मॅडम? मायले तरास नाई देत मी.”

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईत नाटक हवंच. गावच्या नाटकात रामदास व्हिलन होता. तालीम त्याच्याच अंगणात चालायची. एका दुपारी तालमीच्या वेळी मी शेवंताबाईंना कशीबशी ओट्यावरच्या खुर्चीत आणून बसवलं होतं, वॉकर पुढ्यात. समोर रामदासनं नाटकातल्या म्हाताऱ्या आईचं गाठोडं फेकलं आणि गरजला, “चालती हो माझ्या घरातून!”

“काऊन बे! मायले हाकलतं?”

मी वळून पाहते तो शेवंताबाई उभ्या! वॉकर दोन्ही हातांनी हवेत!

“आजी, वॉकर खाली ठेवा!” मी धावत जाऊन त्यांची कंबर धरली.

“हाणू द्या याले, मंग ठेवीन!”

“माय, नाटक होय वो!” रामदास मागे सरकत ओरडला.

वॉकर एकदाचा टेकला, पण बाई थांबल्या नाहीत. सपाट ओट्यावरून तरातरा निघाल्या. मी मागे कंबर धरून, रामदास पुढे उलटा चालतोय, बाकीचे नट पोट धरून हसतायत. ओट्याच्या टोकाला त्यांचा राग ओसरला.

“अवो, मी इथी कशी आली?”

“चालत!” मी म्हटलं. आनंदानं मला नाचावंसं वाटत होतं.

मंडईच्या नाटकाला त्या वॉकर घेऊन स्वतःच्या पायांनी गेल्या. आता खुब्याच्या पेशंटच्या घरच्यांना मी गोळ्या आणि व्यायाम समजावून सांगते. शेवटी मुलाला बाजूला घेऊन बजावते, आईची सेवा जरा बेतानं करा.