दातवाल्याचे दीडशे शब्द

मी संशयी आहे असं माझी बायको म्हणते, आणि ती असं का म्हणते याचाही मला संशय आहे. पण आमच्या साप्ताहिकाचं शनिवारचं पान सांभाळणं हे भोळ्या माणसाचं कामच नाही. 'चार मतं' असं त्या पानाचं नाव. दर आठवड्याला एक प्रश्न आणि त्यावर चौघांची उत्तरं: गुरुजी, मौलवीसाहेब, पाद्रीबाबा आणि दातवाला. प्रत्येकी दीडशे शब्द. पहिले तिघे देव आहे हे धरून चालतात. चौथा नाही म्हणतो.

दातवाला म्हणजे कवळ्या करणारा. दाताचे डॉक्टर जबड्याचं माप घेतात, पुढचं सगळं याच्याकडे येतं. बाजारामागच्या गल्लीत, जिन्याखालच्या एका खोलीत तो बसतो. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. सगळ्या खोलीवर पांढरी भुकटी, आणि त्याच्या भुवयांवरही. चणे आहेत तर दात नाहीत, अशी माणसं त्याची गिऱ्हाइकं. कवळी आधी तो मेणात बसवून बघतो, माणसाला साठपासून सत्तरपर्यंत आकडे मोठ्याने म्हणायला लावतो, आणि एकसष्ट-बासष्टला शीळ वाजली की दात काढून पुन्हा बसवतो. गुरुजींचे वरचे दात त्याने केलेले, मौलवीसाहेबांचे खालचे, पाद्रीबाबांचे दोन्ही. म्हणजे आमच्या पानावर देवाच्या बाजूने जे काही बोललं जायचं, ते बहुतेक याच्याच दातांतून यायचं.

अकरा वर्षांपूर्वी तो आमचा जिना चढून आला. तेव्हा पानाचं नाव 'सर्व मतं' होतं. त्याने संपादकांच्या टेबलावर आमचाच अंक ठेवला आणि म्हणाला, सर्व म्हणता आणि माझं मत यात नाही, तर एकतर नाव बदला, नाहीतर मला घ्या. संपादकांनी त्याला महिनाभराची जागा दिली. नाही म्हणणारा माणूस किती आठवडे नाही म्हणणार, असा त्यांचा हिशेब. तो अकरा वर्षं म्हणत राहिला, आणि दर वेळी काहीतरी नवीन सांगून. 'नशीब' हा शब्दसुद्धा तो वापरायचा नाही. त्याची बायको रोज पहाटे पलीकडच्या खोलीत प्रार्थना करते आणि त्याच वेळी हा अलीकडे कानस घासत असतो. दोघांनी एकमेकांना कधी गप्प बस म्हटलं नाही.

लोकांनी त्याला शिव्या पुष्कळ घातल्या. गंमत अशी की प्रत्येकाला वाटायचं, हा आपल्याच देवाच्या मागे हात धुऊन लागलाय. त्याच्याशी खरे भांडायचे ते एक पाद्रीबाबाच. या आठवड्यात दातवाला काय म्हणाला त्याचं उत्तर पुढच्या आठवड्यात बाबा द्यायचे, त्यावर पुन्हा हा. वाचक पान खालून वर वाचायचे, कारण ही जोडी खाली असायची.

आता संशयाकडे येतो. चौघांपैकी शब्दमर्यादा पाळणारा एक दातवालाच. मोजून दीडशे. गुरुजी तीनशे पाठवतात. मौलवीसाहेब दोनशे पाठवतात आणि पन्नास का कापले म्हणून फोन करतात. पाद्रीबाबांची तर दोन पानं यायची, समासातसुद्धा मजकूर. गेल्या हिवाळ्यापासून बाबांचं उत्तर टाइप होऊन यायला लागलं आणि तेही बरोबर दीडशे शब्दांचं. एकदा झालं, दोनदा झालं, मी मोजत गेलो. आठ महिने दीडशे. त्याच काळात दातवाल्याचं लिखाण मवाळ झालं. तुमचा नास्तिक पाघळला की काय, अशी वाचकांची पत्रं यायला लागली. त्यातच आमचा अंक वाटणारा सांगून गेला की दातवाला दर मंगळवारी दुपारी बाबांच्या प्रार्थनाघराच्या मागच्या दाराने आत जातो.

माझं डोकं लगेच चाललं. बाबांनी याला फिरवला. आता दोघांची उत्तरं बाबाच लिहितात, आणि एक दिवस हा पानावर जाहीर करणार की मला देव भेटला. म्हणजे आठ महिने आम्ही बाहुलं नाचवलं आणि दोरी बाबांच्या हातात. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, असेल भेटला, तुला का पोटात दुखतंय? मला दुखत होतं. त्या पानावर मला खरा वाटणारा एकच माणूस होता आणि तोही हातचा जाणार होता.

तशात बाबांच्या एका उत्तरात हे वाक्य आलं: 'मेणात असतानाच चूक दुरुस्त होते, एकदा पक्कं झालं की घासत बसावं लागतं.' मी ते तीनदा वाचलं. पाद्रीबाबा मेणबत्त्या लावतात हे ठाऊक आहे, पण मेणात चुका कधीपासून दुरुस्त करायला लागले? म्हणजे दोरी उलट्या बाजूला होती. मंगळवारी दुपारी मी मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

दार उघडंच होतं. आत दोन खोल्या. पहिलीत बाबांची थोरली बहीण काहीतरी शिवत बसलेली. भाऊ सगळ्यांचे बाबा, म्हणून ती सगळ्यांची आत्या. मला बघून ती घाबरून उठली, पण तोवर मला आतलं दिसलं होतं. बाबा खिडकीजवळ खुर्चीत होते आणि समोर दातवाला मांडीवर कागद घेऊन. दातवाला विचारत होता, बाबा, संकटात माणूस एकटा असतो का? बाबांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "नसतो. कुणीतरी असतं. मी सांगायचो ना ते... तुम्ही कोण?"

"दातवाला," तो म्हणाला. "बोला तुम्ही, मी लिहितोय."

आत्याने मला हाताला धरून बाहेरच्या खोलीत बसवलं. बाबांना विस्मरणाचा आजार होता. आधी नावं गेली, मग दिवस, मग लिहिताना वाक्याचा शेवट. प्रवचन आता दुसरा एक जण करत होता. विश्वस्तांनी एवढंच म्हटलं होतं की बाबांचं डोकं शाबूत आहे तोवर या दोन खोल्या त्यांच्या, नंतर दोघा भावंडांची सोय लांबच्या वृद्धाश्रमात, तीही आत्याची बायकांच्या इमारतीत आणि बाबांची पुरुषांच्या. विश्वस्त दर शनिवारी आमचं पान वाचायचे आणि म्हणायचे, बाबा ठणठणीत आहेत. म्हणून आत्या दातवाल्याकडे गेली होती. इतक्या भक्तांना सोडून ती नास्तिकाकडेच का गेली, हे मी विचारलं. ती म्हणाली, भक्त लगेच विश्वस्तांना सांगतील.

दातवाला बाहेर आला तेव्हा मी चांगलाच तापलो होतो. पटत नाही ते बोलू नये, हे मी याच माणसाकडून शिकलो होतो आणि हाच दर आठवड्याला देवाच्या बाजूने लिहीत होता.

"मी माझ्याकडचं काही घातलेलं नाही," तो म्हणाला. "पानाच्या कितीतरी आधीपासून, तीस वर्षं भांडतोय त्यांच्याशी. त्यांचं म्हणणं मला पाठ आहे."

"पण तुम्हाला ते पटत नाही."

"नाही ना. म्हणून तर जपून लिहितो. पटत असतं तर माझंही थोडं घुसडलं असतं."

मी मेणाचं वाक्य काढलं. त्याने मान खाली घातली. ते घुसलं, म्हणाला, त्या दिवशी थकलो होतो.

मी सांगितलं की हे चालणार नाही, एकाच माणसाची दोन मतं मी छापणार नाही, वाचकांची ती फसवणूक आहे. त्याने वाद घातला नाही. तुमचं बरोबर आहे, म्हणाला, दोन लिहितो यातच लबाडी आहे, एकच ठेवा. मला वाटलं, आता बाबांचं जाणार. आत्याच्या हातातली सुई थांबली होती. तो म्हणाला, "माझं काढा."

मी घरी आलो. हे बरोबर नव्हतं हे मला कळत होतं. बाबांच्या नावावर दुसऱ्याचं लिखाण छापायचं आणि ज्याचं स्वतःचं मत होतं त्याला घालवायचं. पण आत्याची ती सुई डोळ्यांसमोरून हलेना. शनिवारी पान तीन उत्तरांचं निघालं. चौथे लेखक काही काळ लिहिणार नाहीत, एवढी ओळ मी खाली टाकली. पत्रांचा पाऊस पडला. एकाने लिहिलं की शेवटी देवाने दातवाल्याचे दात त्याच्याच घशात घातले. गुरुजींनी फोन करून काय झालं विचारलं आणि आवाजातला आनंद लपला नाही. मौलवीसाहेब मात्र म्हणाले, त्याच्याशिवाय पान अळणी झालंय.

तिसऱ्या आठवड्यात आत्या आमच्या कचेरीत आली. आमचा जिना तिच्या गुडघ्यांना झेपणारा नाही, तरी आली. घडी घातलेला कागद तिने माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, बाबांनी स्वतः लिहिलंय, सकाळपासून लिहीत होते, मला हात लावू देईनात. अक्षर वेडंवाकडं, ओळी खाली उतरत गेलेल्या:

'संपादकांस. मंगळवारी एक दातवाले येतात. भले गृहस्थ आहेत. मी म्हणेन त्याला हो म्हणतात. पण तुमच्या पानावर खाली एक माणूस असायचा, तो मला नाही म्हणायचा. तो दिसत नाही. आजारी आहे का? तो येईपर्यंत माझं छापू नका. कुणाला उत्तर द्यायचं तेच मला कळत नाही.'

माझा स्वभाव गेला नाही. आत्या गेल्यावर मी खणातली बाबांची जुनी पत्रं काढून अक्षर ताडून पाहिलं. 'स'ची शेपटी तीच, 'र' तोच. तरी दातवाल्याने सांगून लिहवून घेतलं असेल, म्हणून तो कागद घेऊन त्याच्या खोलीवर गेलो आणि तो वाचत असताना त्याच्या तोंडाकडे टक लावून बसलो. त्याने एकदा वाचलं. हात पुसले आणि पुन्हा वाचलं. मग तो समोरच्या फळीकडे बघत राहिला, आणि त्याला रडू आवरत नव्हतं हे मला दिसलं. मला माझीच लाज वाटली.

"मला वाटलं, आता माणूस आजारी आहे, वाद कशाला," तो म्हणाला. "आठ महिने मान डोलावत बसलो."

बाबांचं छापलं नाही तर विश्वस्त चौकशीला येणार होते. छापलं तर बाबांनी स्वतःच्या हाताने नको म्हटलं होतं. मंगळवारी आम्ही दोघे बरोबर गेलो. त्या आठवड्याचा प्रश्न होता, मेलेल्या माणसाला आपलं बोलणं पोचतं का. बाबा खिडकीजवळ होते. आज माप होतं का, त्यांनी दातवाल्याला नम्रपणे विचारलं. दातवाल्याने खुर्ची पुढे ओढली. मांडीवर कागद घेतला नाही.

"पोचत नाही," तो चढ्या आवाजात म्हणाला. "मेला तो मेला. त्याच्याशी बोलणं म्हणजे स्वतःच्या मनाशी बोलणं. आणि तुम्ही तीस वर्षं लोकांना उलटं सांगताय."

आत्या दारातून पुढे आली, आजारी माणसावर ओरडतात का म्हणून. मी तिला थांबवलं. बाबा दातवाल्याकडे बघत होते. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पाठ खुर्चीपासून सुटली, आणि त्यांनी एक बोट त्याच्यावर रोखलं.

"इतके दिवस होतात कुठे?" ते म्हणाले. "बसा नीट. मी तुमची वाट बघतोय."

मग ते बोलायला लागले. मध्ये दोनदा अडले, एकदा आत्याला आई म्हणाले, पण दातवाला नाही म्हणाला की पुन्हा सुरू व्हायचे. मी खिशातून कागद काढला आणि कोण काय म्हणालं ते ज्याच्या त्याच्या नावाखाली लिहून घ्यायला लागलो.