भाऊ वगळलेली डिस्क

कुंपणाच्या गडग्यावरून भावाशी कोर्टकचेरी सुरू झाली, तेव्हा लग्नाच्या फोटोंच्या डिस्कमधून त्याला काढून टाकायला मी कणकवलीच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

"हेच्यात काय बदलूक येना नाय, ही नुसती बघूची. सगळा भायर काढतंय, भावाक गाळतंय नी नवी डिस्क करून देतंय."

चहा पीतपीत त्याने भाऊ गाळला. अंतरपाट भावानेच धरला होता, त्यामुळे नव्या डिस्कवर आमचं लग्न अंतरपाटाशिवायच लागलं.

"जुनी फोडू?" त्याने विचारलं.

"नको."

"मगे घराक नेतास?"

मी नवी तेवढी पिशवीत टाकली.

त्याने खण उघडला. आत जुन्या डिस्कांची चळत होती. माझी तिच्यावर ठेवत तो म्हणाला, "ऱ्हवांदे. सगळ्यांचे भाव हयच आसत."