फळ्याचा एक कोपरा

विमल सिस्टर गेल्या, त्या सकाळी मी डबा भरत होते. त्यांच्या यजमानांचा फोन आला. "ती गेली गं. झोपेतच. चहाला उठवायला गेलो तर..." आणि मग काका म्हणाले, "हॉलची किल्ली इथेच आहे. तू घेऊन जा." त्या किल्लीसाठी मी चार वर्षं त्यांच्यामागे भुणभुण लावली होती. मला एकटीला वर्ग घेऊ द्या, म्हणून दर जूनमध्ये मागे लागायचे आणि सिस्टर चष्मा पुसत म्हणायच्या, "बघू." किल्ली मिळाली ती अशी, त्यांनी 'बघू'च्या पुढे काही न म्हणताच.

सिस्टरांची सगळी नोकरी मनोरुग्णालयात परिचारिका म्हणून झाली. निवृत्तीनंतर वारज्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्या दर रविवारी बायका-मुलींना स्वसंरक्षण शिकवायला लागल्या. मी तेव्हा कराटेचा ब्लॅक बेल्ट आणि दोन पदकं मिरवत होते. निवृत्त नर्स काय शिकवणार, बघू या तरी, अशा थाटात मी तिथे गेले. साडी खोचलेली ही बुटकी बाई माझ्या खांद्यालाही लागत नव्हती. मी हात पुढे केला आणि म्हटलं, धरा. त्यांनी धरला. मी शिकलेला झटका दिला, पुन्हा दिला, कोपर फिरवलं. हात होता तिथेच राहिला.

"झालं का तुझं?" सिस्टरांनी विचारलं. "तुमच्याकडे सगळे लाडाने धरतात वाटतं. माझे पेशंट लाडाने धरत नसत."

त्या पेशंटांविषयी त्या कधी वाकडं बोलल्या नाहीत. घाबरलेला माणूस जीव खाऊन धरतो, त्यात त्याचा दोष नसतो, आणि त्याला न दुखवता आपण सुटायचं असतं, एवढंच सांगायच्या. त्यांच्या वर्गात 'लाडाची पकड' ही शिवी होती. जोडीदाराने मनापासून धरायचं, आणि एखादी युक्ती चालली नाही तर ती फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात 'सुटलं नाही' या शब्दांखाली लिहायची. वेगवेगळ्या अंगकाठीच्या तिघींच्या हातून सुटून दाखवल्याशिवाय ती शिकवायची नाही आणि कोपऱ्यातून पुसायचीही नाही. हॉल झाडणाऱ्या मावशी सगळा फळा पुसायच्या, तेवढा कोपरा सोडून.

हे सगळं मला पाठ होतं. तरी वाघोलीच्या एका कॉलेजात मी माती खाल्लीच. सिस्टरांनी पहिल्यांदाच प्रात्यक्षिक माझ्यावर सोपवलं होतं. समोर मुली, अर्ध्या मोबाइलमध्ये. मी ऐटीत म्हटलं, कुणीही या. ऋतुजा नावाची भालाफेक करणारी मुलगी उठली आणि तिने माझं मनगट धरलं. सुटेना. आणि मी हसून म्हटलं, "तू चुकीचं धरलंयस गं. अंगठा वर हवा."

मागून सिस्टरांचा आवाज आला. "हल्लेखोराला आधी चिठ्ठी पाठवू या का, अंगठा वर ठेवा म्हणून?"

मुली खो-खो हसल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण पुढे जे झालं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. सिस्टर पुढे आल्या आणि त्यांनी ऋतुजाला आपला हात दिला. प्रयत्न केला, दोनदा. मग भर सभागृहात, जराही न ओशाळता म्हणाल्या, "मलाही सुटत नाही. यावर काय करायचं ते आज मला माहीत नाही. कळलं की येऊन सांगेन." मोबाइल खाली गेले. इतकी शांतता मी माझ्या कुठल्याही पदकाच्या वेळी ऐकली नव्हती.

पुढचे कितीतरी रविवार ऋतुजा दोन बस बदलून वारज्याला येत होती आणि सिस्टर तिच्याकडून हात धरवून घेत होत्या. मनगटं हिरवीनिळी झाली. काका हळद लावून द्यायचे आणि आता पुरे म्हणायचे. शेवटी एका रविवारी सिस्टरांनी हात ओढणं सोडून दिलं, उलट ऋतुजाच्या अंगात शिरल्या, बूड टेकवल्यासारखा सगळा भार खाली सोडला, आणि हात सुटला. दोन आठवड्यांनी त्या पुन्हा वाघोलीला गेल्या. परीक्षेमुळे वर्गात जेमतेम आठ मुली होत्या. त्या आठजणींना त्यांनी उत्तर दाखवलं आणि परत आल्या. साठी उलटलेली बाई, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दिलेल्या शब्दासाठी...

मागच्या रविवारी मी नवी बॅच सुरू केली. कुलूप उघडलं तर कोपऱ्यात त्यांच्या हातचं 'सुटलं नाही' तसंच होतं, खालची जागा कोरी. समोर चौदा बायका. चौकात शहाळी विकणाऱ्या एक बाई उठल्या. दिवसभर कोयता चालवणारा तो हात. त्यांनी माझं मनगट धरलं. मी ओढलं नाही, आत शिरले, भार सोडला, सिस्टरांनी शिकवलं होतं ते सगळं केलं. सुटेना. 'अंगठा वर हवा' हे शब्द माझ्या जिभेवर आलेसुद्धा.

"सुटलं नाही," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग त्यांना हात सोडायला सांगितलं, खडू घेतला आणि सिस्टरांच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात ती युक्ती लिहिली. वळले तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका पुढे सरकून बसल्या होत्या.

"ताई, परत धरू का?" शहाळेवाल्या बाईंनी विचारलं.

"धरा," मी म्हटलं. "लाडाने नको."