काळ्यावर काळं

नातीनं फोनमध्ये पत्त्यांचा डाव घालून दिलाय. एकटीनं खेळायचा तो, पेशन्स. सोय चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पिसावं लागत नाही, माझ्या वाकड्या बोटांना ते आता जमतही नाही. बावन्नच्या बावन्न पत्ते जागेवर असतात, वाऱ्यानं उडत नाहीत. चुकलं तर एक खेळी मागं घेता येते. पण काळ्या अठ्ठीवर काळी सत्ती ठेवायला गेलं की पत्ता टुणकन आपल्या जागी परत. शंभरदा ठेवा, शंभरदा परत. इतकं सोवळं यंत्र मला मानवत नाही. एकाहत्तरच्या डिसेंबरात माझ्या हाती असला डाव असता, तर मी भीतीनंच मेले असते.

तेव्हा मी एकवीस वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालेलं. सासर कराडजवळ, उसाच्या गावात. हे फौजेत. सुट्टीवर आले तेव्हा त्यांनीच मला हा डाव शिकवला. सात ओळी मांडायच्या, काळ्यावर तांबडं, तांबड्यावर काळं असं उतरत्या क्रमानं लावत जायचं आणि चारी एक्क्यांवर आपापला रंग राजापर्यंत चढवायचा. सगळे चढले की डाव सुटला. जाताना पत्त्यांचा कॅट माझ्याकडं ठेवून गेले. "पलटणीत ढिगानं हायती," म्हणाले. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, पत्ते म्हणजे जुगार. "सुनंनं पत्तं कुटायचं व्हय?" म्हणून त्यांनी एकदा तो कॅट चुलीत घालायला काढला होता.

मग लढाई लागली. शेजारच्या ट्रान्झिस्टरवर बातम्या सुरू झाल्या की अख्खी गल्ली दारात. आठवडा व्हायच्या आत गावात एक तार आली. आमच्या पोस्टमनची एक रीत होती. पत्र असलं की तो सायकलवरून घंटी वाजवत यायचा. तार असली की वेशीपाशीच उतरायचा आणि सायकल हातात धरून, मान खाली घालून चालत यायचा. त्या दिवशी तो चालत आला आणि आमच्या दारावरून पुढं गेला. मला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. भीती मात्र हलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पत्ते मांडले. मनाशी म्हटलं, डाव सुटला तर हे खुशाल आहेत. आत्याबाई भांडायलाच आल्या होत्या. मी खरं ते सांगून टाकलं, तशा त्या भांडण विसरल्या. मुलाची भरती असो की लग्न, प्रत्येक वेळी त्यांनी देवळात गुरवाकडून कौल लावला होता. देवाच्या अंगाला लावलेली पाकळी उजवीकडची पडली की होय, डावी पडली की नाही.

"आवं आत्याबाई, मग आत्ता कौल का लावत न्हाई आपण?" मी विचारलं.

"आन् डावी पडली तर? देवाम्होरं काय बोलणार मग?" त्या म्हणाल्या, आणि माझ्यासमोर फतकल मारून बसल्या. "लाव तुजं."

तेव्हापासून रोज दुपारी हेच. पण हा डाव रोज थोडाच सुटतो? मी लबाडी करायला लागले. खालचा पत्ता हळूच वर घ्यायचा, नको असलेला पदराखाली सारायचा, आणि म्हणायचं, "सुटला." आत्याबाई उठून चहा टाकायच्या. माझी भीती मात्र दुप्पट झाली. आधी ती नुसती लढाईची होती, आता खोटा कौल दिल्याचीही होती. ह्यांना काही झालं तर ते माझ्याच बोटांपायी, असं मला पक्कं वाटू लागलं.

लढाई थांबली. इतरांची पत्रं आली, आमचं नाही. नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी ठरवलं, आज सरळ खेळायचं, काय व्हायचं ते होऊ दे. डाव अडला. किलवरची सत्ती हलली तरच पुढचं सुटणार, आणि उघडी होती ती इस्पिकची अठ्ठी. दोन्ही काळी. "अडला" म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याबाईंनी हात पुढं केला, सत्ती उचलली आणि अठ्ठीवर दाबून बसवली.

"बसतंय की," त्या म्हणाल्या. "फुडं लाव."

नेमका अडलेला पत्ता त्यांनी ओळखला होता; अक्षरओळख नसलेल्या त्या बाईला बघून बघून सगळे नियम पाठ झाले होते. म्हणजे माझ्या लबाड्याही दिसल्याच असणार. मी निमूट पुढं लावलं.

दोन दिवसांनी पोस्टमन आला. चालत, सायकल हातात धरून. आत्याबाई दारात उभ्या होत्या, त्या उंबऱ्यावरच खाली बसल्या. मी भिंत धरली. तो अंगणात आला आणि म्हणाला, "पंक्चर झालीया मावशी. पत्र हाय, खुशालीचं दिसतंय." मनातल्या मनात मी त्याला दिलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

फाल्गुनात हे सुट्टीवर आले. वाळून गेलेले, भांडं पडलं तरी दचकायचे. एका दुपारी मी हौसेनं पत्ते काढले, तर ह्यांनी तोंडच फिरवलं. "नगं. आत ठेव ते."

"का रं?" आत्याबाईंनी विचारलं.

हे भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "आये, मोर्च्यात मी रोज मांडायचो. म्हणायचो, सुटला तर मी घरी जातोय. एकदाबी सुटला न्हाई. रोज न्हाईच म्हणायचा. लढाई सरूस्तोवर मी मेल्यागत बसलो हुतो."

आत्याबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि अशा खवळल्या, की मी दोन पावलं मागं सरले. "एवढा बंदूक चालवतूस, आन् एक पत्ता उचलून दुसऱ्यावर ठिवाय येत न्हवता व्हय रं तुला?" त्या ओरडल्या, आणि ह्यांचं डोकं पोटाशी धरून मोठ्यानं रडायला लागल्या.