जिभेला न लागणारं पाणी

"खबरदार नळाला हात लावलास तर! माझा कॅन अजून गळ्यापर्यंत आलेला नाही!"

सकाळी पाणी जायच्या घाईत ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत हा आवाज उठला, की तिन्ही मजल्यांना कळायचं, आत्या आली. नळासमोर तिचे कॅन पहारेकऱ्यांसारखे उभे आणि मागे कळशी घेऊन सावंतवहिनी पेटलेल्या.

"लोक माहेराहून साडीचोळी नेतात, तुम्ही नळ नेताय!"

"साडीत डाळ शिजत नाही," आत्या म्हणायची, आणि कॅनचं झाकण असं आवळायची, की ते सावंतवहिनींचं नरडंच असावं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. जन्म, शाळा, नोकरी, सगळं गिरगावात. पण आतोबांनी निवृत्तीनंतर घाटावरच्या आपल्या लहानशा गावी बंगला बांधला आणि आत्याचा पाण्याशी उभा दावा सुरू झाला. तिथल्या नळाचं पाणी इतकं जड, की बादली उचलायला दोन माणसं लागतात, असं ती सांगायची. मी स्वतः उचलून पाहिली आहे. दोन कमीच पडतात. साबण फेसाऐवजी नासलेल्या दुधासारखा फुटायचा. नळांना पांढऱ्या मिशा यायच्या, गिझरच्या कॉइलवर वारूळ चढायचं. आत्याच्या गुडघ्याला टेकणाऱ्या वेणीचा काथ्या झाला. कुकर लावला, की समोरच्या शाळेची मधली सुट्टी होऊन जायची. डाळ मात्र शिट्ट्या ऐकत टणक बसलेली. आणि तिचं वालाचं बिरडं! त्याच्या वासाने गिरगावातली माणसं शिळं वर्तमानपत्र मागायला दारात यायची. ते बिरडं तिथे ताटातून गोट्यांसारखं पळू लागलं. हा अपमान काही तिला गिळता येईना.

म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी ती कॅन भरायला यायची. एसटीचा कंडक्टर म्हणाला, "आजी, रॉकेल चालणार नाही."

"रॉकेल नाही रे, ठाकूरद्वार आहे," म्हणत आत्याने कॅन मांडीवर घेतला.

तिची सून मंजू त्याच गावची. तिला हे सगळं झोंबायचं. एकदा भर पंगतीत ती म्हणाली, "हेच पाणी पिऊन वाढलो आम्ही. दगड झालो का?"

"दगड म्हणत नाही गं," आत्या वाढता वाढता म्हणाली, "पण शिजायला वेळ लागतोच तुम्हाला."

त्या दिवशी पंगतीत मीठ मागायचीही कुणाची छाती झाली नाही.

आत्याची कसोटी एकच. "पाणी जिभेला लागलं, की समजावं ते आपलं नाही." वडिलांनी एकदा तिची परीक्षा घेतली. एक पेला घरचा, एक हिंदमात्याच्या साडीवाल्याकडचा, एक माझ्या माटुंग्याच्या सासुरवाडीचा. आत्याने डोळे मिटून तिन्ही ओळखले. माटुंग्याच्या पेल्याला तर नाक मुरडून म्हणाली, "याला जरा शिष्टपणा आहे."

"अगं, सगळं एकाच तलावाचं!" वडील ओरडले.

"आई एक म्हणून भावंडं सारखी होतात का रे? आपल्याकडेच बघ."

पुढे तिचे गुडघे गेले आणि कॅन थांबले. फोन ठेवताना "नळाला नमस्कार सांग" म्हणायची. आम्ही "सांगतो" म्हणायचो, कारण सांगण्यासारखं दुसरं होतं ते सांगवत नव्हतं. वाडी पाडून तिथे टॉवर उभा राहिला होता. पालिकेचं पाणी पुरेना, म्हणून सोसायटीने टाकीत बोअरिंगचं सोडलं. आता मिशा आमच्या नळांना फुटल्या होत्या. माझी बायको कंगव्यातली गुंतवळ बघून रोज सोसायटीच्या सेक्रेटरीचा उद्धार करायची. गणपतीला तिच्याकडे गेलो, तरी आत्याला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

मग एक दिवस आतेभाऊ शिरीषचा फोन आला. "विनू, आई पाणी घेत नाहीये. तोंड फिरवून पडलीय. आज पोटात काही गेलं नाही, तर डॉक्टर इस्पितळात हलवा म्हणतात. ती म्हणते, ठाकूरद्वारचं आण, पिते."

मी आमच्या नळाकडे बघितलं. त्याने मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. टॅक्सी थेट माटुंग्याला वळवली, सासूबाईंच्या स्वयंपाकघरातून कॅन भरला आणि घाट चढलो. वाटेत एकच धडकी, तिने ओळखलं तर? चिडली, ओठ मिटले, तर पुढे काय?

आत्या पलंगावर चिमणीएवढी उरली होती. मंजूने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी पेला भरला. मंजूने चमचा ओठांशी नेला. आत्याने पाणी तोंडात घोळवलं. मी कॅनमागे लपायच्या बेतात होतो.

पाणी गळ्याखाली गेलं.

"माटुंगा," आत्या पुटपुटली.

"छे गं आत्या!" मी देवाची, नळाची, आतोबांच्या फोटोची शपथ घेतली. "आपलंच आहे! आत्ता भरून आणलंय, ठाकूरद्वारचं!"

चमचा बाजूला सारून तिने पेलाच मागितला, मंजूच्या हातावर हात ठेवून सगळा संपवला, आणि रिकामा पेला माझ्याकडे पुढे केला.

"गणपतीत तुझ्या बायकोचे केस बघितले मी," ती म्हणाली. "ओत अजून."