पडद्याआडचं जेवण

रमजानात आमच्या नांदुऱ्याच्या घरी दुपारी चूल पेटत नसे, पण स्वयंपाकघर अगदीच ओस नसे. पाळी आलेल्या बाईला रोजा नसतो. मग अम्मी दाराचा पडदा ओढून घ्यायची आणि पहाटेच्या सहेरीच्या उरलेल्या रोट्या, खिमा, कैरीचं लोणचं काढून बसायची. कधी तिचे आणि माझे दिवस एकत्र आले की चंगळच! एकाच थाळीत आम्ही चोरासारख्या जेवायचो. बाहेर अब्बा खोकले की घास तोंडातच थांबायचा, आणि हसू दाबता दाबता अम्मीला ठसका लागायचा. त्या जेवणाची चव पुन्हा कशालाच आली नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी जेवण कमी करत गेले. कारण विचारू नका, मलाही धड माहीत नाही. रिकामं पोट मला स्वच्छ वाटायचं, एवढंच सांगता येतं. रमजान आला आणि मला रान मोकळं मिळालं. इफ्तारला एक खजूर, पाणी, की "पोट भरलं". फुफी, अब्बांची बहीण, गावभर सांगत सुटली, पोरगी अल्लाहवाली झाली म्हणून. हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं.

चांदरातीला, ईदच्या आदल्या रात्री, अम्मी मला बांगड्या भरत होती. बांगडी थेट कोपरापर्यंत घसरली. अम्मी वऱ्हाडी बोलायची ती शेजारणींशी, आणि जीव घाबरा झाला की माझ्याशी.

"तू यंदा एकबी रोजा नाई बुडवला. पुरे तीस. काऊन वं?"

पाळी थांबून बरेच महिने झाले होते. ते तिला आत्ता कळलं, आणि इतके दिवस ती पडद्याआड माझी वाट बघत एकटीच जेवली होती, हे मला.

अम्मीनं बोलावलेल्या शेजारच्या नर्सताईंनी माझा दंड चाचपला. "भाभी, पोरीच्या पोटात अन्न नाई. ईद झाली का लगेच खामगावले चला, मी संगं येईन." तिथल्या डॉक्टरीणबाई मनाचे आजार बघायच्या. लग्नाच्या पोरीचं असं नाव निघू नये म्हणून अम्मीनं नातेवाइकांत सांगितलं, दाढेचा इलाज चालू आहे. फुफी माझ्यासाठी लवंगा घेऊन आली! पण अम्मीनं एकही खेप चुकवली नाही. पुढच्या रमजानात डॉक्टरांनी रोजा बंद केला. मौलानासाहेबही म्हणाले, बीमाराला माफी आहे. आजारी म्हणून मी उघड्यावर खायची. गोळीसारखंच ते, घशाखाली ढकलायचं. मला हवं होतं ते पडद्याआडचं.

त्याच्या पुढच्या रमजानात रोजे पुन्हा सुरू झाले, आणि मधेच एका दुपारी पाळी आली. मी पळतच स्वयंपाकघरात गेले. खरंच भूक लागली होती. थाळी काढली, पडदा ओढला, अम्मीला हाताला धरून आत आणलं.

"तूपण बस ना."

"माहे ते दिवस सरले, बेटा. मले रोजा आहे."

एवढ्यासाठीच तर मी बरी झाले होते, असं मला वाटलं आणि रडूच आलं. अम्मीनं रोटी मोडून खिम्यात बुडवली, घास माझ्या तोंडाशी धरला. मग बोटं धुऊन पडद्याशी जाऊन बसली.

"तू खाय. अब्बा आले तं मी खोकलीन."